खैराचं टोक
आज दिवसभर बाण करत बसलो. पेठकडून आणलेल्या मानवेल बांबूच्या काठ्या सावलीत छान वाळल्या होत्या. निखाऱ्यावर शेकायच्या, गरम असतानाच सरळ करायच्या आणि थंड होईपर्यंत तशाच धरून ठेवायच्या. गाठी हलक्या हाताने घासायच्या, नाहीतर काठी तिथेच मोडते.

खरं कसब बाणाच्या पुढच्या तुकड्यात. मानवेल बराचसा भरीव, म्हणून तापलेल्या सळईने तोंड कोरलं. खैराचा वीतभर दांडा निमुळता तासून त्यात ठोकला, वरून सुती दोरा आवळून डिंक लावला. दोरा नसेल तर आघाताने बांबू उभा चिरतो. खैरामुळे वजन पुढे येतं आणि दांडा तुटला तर तेवढाच बदलता येतो. काय विचार केलाय जुन्या माणसांनी! पिसं उद्या.