तुम्ही विचारलंत म्हणून: आताच एवढ्यांना थायरॉइड कसा निघतो?

रिपोर्ट हातात घेता घेता लोक मला हमखास विचारतात, "डॉक्टर, पूर्वी कुठे होता हो एवढा थायरॉइड?" मी पॅथॉलॉजिस्ट, तेव्हा माझं उत्तर लॅबकडे झुकणारच. बऱ्याच अंशी तो तेव्हाही होता, पण सापडत नव्हता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थायरॉइड बिघडला की चयापचयाचा वेग बदलतो म्हणून माणसाला उपाशीपोटी निजवून तो किती ऑक्सिजन वापरतो ते मोजत आणि त्यावरून चयापचय मंद की जलद हे ठरवत. रुग्ण नुसता घाबरलेला असला तरी आकडा चुके. टाचेमागे हातोडी मारून पाय किती सावकाश सैल पडतो हेही बघत. आजार चांगला मुरलेला असला तरच अशा तपासण्यांत दिसायचा.

रक्तातली हार्मोन्स इतकी थोडी असतात की ती मोजणंच अशक्य वाटे. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन या अमेरिकन संशोधकांनी किरणोत्सारी आयोडीन आणि अँटिबॉडी वापरून इन्सुलिन मोजून दाखवलं, आणि त्याच वाटेनं पुढे टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोनही मोजता आलं. यालोंना 1977 चं नोबेल मिळालं, पण बर्सन 1972 मध्येच गेले होते. मला ही चुटपुट लागते.

टीएसएच थायरॉइडमधून येत नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून येतं. थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन टी-फोर थोडं घसरलं, अगदी नॉर्मलच्या मर्यादेत राहून, तरी टीएसएच कैक पटींनी चढतं. म्हणून थकव्याचं नावही न काढणाऱ्या माणसाचा रिपोर्ट बिघडलेला येतो. सुरुवातीच्या चाचण्यांना फक्त वाढलेलं टीएसएच कळायचं. कमी आणि नॉर्मल यांतला फरक कळत नसे. तो 1980 च्या दशकात मोनोक्लोनल अँटिबॉडींमुळे कळू लागला, आणि ज्यात टीएसएच खाली जातं तो थायरॉइडचा अतिरेकही (हायपरथायरॉइड) याच एका चाचणीत पकडता येऊ लागला.

पण जास्त दिसणं नेहमी फायद्याचं नसतं. दक्षिण कोरियात निरोगी लोकांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि 1993 ते 2011 या काळात थायरॉइड कॅन्सरची निदानं सुमारे 15 पट झाली. मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळजवळ तेवढंच राहिलं. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलनं 1993 पासूनच अशा बारीक, कमी जोखमीच्या गाठी न कापता नुसत्या नजरेखाली ठेवल्या. बहुतेक वाढल्याच नाहीत. तक्रार नसताना "एकदा गळ्याची सोनोग्राफी करून टाकू" म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच थोपवतो.

टीएसएच किंचित वाढलेलं असेल, तर गोळी सुरू करण्याआधी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. बऱ्याचदा ते आपोआप खाली येतं. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं, आणि धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर हायपरथायरॉइड उमटतो.