ठकी, लेव्हल एक

रविवार, रात्री बारा वाजून गेलेत

आज अख्खा दिवस एका कागदात गेला. कॅरेक्टर शीट, म्हणजे गेममधल्या आपल्या पात्राची सगळी माहिती. पुढच्या रविवारी कोथरूडला मावसभावाच्या घरी डी अँड डी चा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून, पात्रं बनून फाशांनी खेळायचा गेम) नवीन कँपेन, म्हणजे नवी गोष्ट, सुरू होतोय, तोच डीएम, म्हणजे ती गोष्ट चालवणारा, आहे, आणि मी रॉग घेतलाय. ऑफिसात कोणाला सांगितलं तर हसतील. सोमवार ते शनिवार मी लोकांची व्हाउचर तपासते, दोन रुपयांचा फरक आला तरी मला झोप लागत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी बसून चोर बनवतेय.

आकड्यांचं काम पटकन झालं, ते माझं रोजचंच. आमच्याकडे अजून नियमांचं २०१४ चंच पुस्तक चालतं, आणि फासे टाकून स्टॅट, म्हणजे पात्राच्या ताकद, चपळाई वगैरेचे आकडे, काढायला डीएमची बंदी आहे (मागच्या वेळी एकाला तीनदा अठरा, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, आले होते, कोणाचा विश्वास बसला नाही), त्यामुळे १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे वाटून टाकायचे. १५ डेक्सटेरिटीला, म्हणजे चपळाईला, हाफलिंग (गेममधली बुटकी जमात) घेतली म्हणून त्यात २ अजून, झाले १७. ताकदीला ८, म्हणजे लोणच्याची बरणी पण दुसऱ्याकडून उघडून घ्यायची. हिट पॉइंट, म्हणजे जीव, १०, चामड्याचं चिलखत घालून आर्मर क्लास, म्हणजे बचाव, १४. स्टेल्थला, म्हणजे लपूनछपून वावरण्याला, एक्सपर्टीज, म्हणून फाशावर सात अधिक. अर्ध्या तासात सगळं झालं, चहा पण गार नव्हता झाला.

मग अडलं नावावर. रॉगला मराठीत काय म्हणायचं? चोर म्हटलं तर खिडकीतून घुसणारा डोळ्यासमोर येतो, ठग म्हटलं तर भलतंच. पहिले डोक्यात आलेले दोन शब्द म्हणजे भामटा आणि उचल्या, आणि लिहिता लिहिता थांबले, कारण ती माणसांच्या समाजांना चिकटवलेली नावं आहेत. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारायला सुरुवात केली, तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ ला गेला, पण शिवी म्हणून शब्द राहिलेच. गेममधल्या चोराला नको ते. शेवटी ठकी ठेवलं. ठकी म्हणजे लाकडाची बाहुली, आमच्या आजीकडे होती एक, रंग उडालेली. हाफलिंग एवढीशीच असते आणि नावात ठक पण येतो. आपल्यावरच खूश झाले मी.

खरी मारामारी पुढे झाली. मी पहिल्यांदा जी बॅकस्टोरी, म्हणजे ठकीची आधीची गोष्ट, लिहिली ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, त्यात काळा झगा होता, आईबाप मेलेले होते, ती कोणाशी बोलत नाही, कोणावर विश्वास ठेवत नाही वगैरे. दोन मिनिटांत डीएमचा फोन. "बोलत नाही तर टेबलवर येऊन करणार काय तू? पोहे खाणार?" आणि मग नेहमीची तंबी, की पार्टीतल्या, म्हणजे आपल्याच टोळीतल्या, लोकांचे खिसे कापायचे नाहीत. रॉग घेणारे हमखास हे करतात, आपल्याच क्लेरिकची, म्हणजे टोळीतल्या देवभक्ताची, थैली मारायची आणि वर म्हणायचं माझं कॅरेक्टर असंच वागेल, आणि मग खरे मित्र आठवडाभर बोलत नाहीत एकमेकांशी. मी म्हटलं नाही करणार. तर तो म्हणाला, "ठीक आहे, पण मग ती का चोरते? ते लिहून पाठव," आणि फोन ठेवला.

आता का म्हणजे काय, रॉग आहे म्हणून. पण तेवढं पुरत नाही म्हणे. गंमत म्हणजे १९७४ ला हा गेम आला तेव्हा त्यात चोर नव्हताच, फायटिंग मॅन, मॅजिक युजर आणि क्लेरिक असे तीनच क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, होते. चोर आला १९७५ च्या पुरवणी पुस्तकात, आणि त्या क्लासला रॉग हे नाव मिळालं थेट २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. म्हणजे चोर आधी आला आणि त्याला बरं नाव नंतर लागलं.

दुपारी पुस्तक उघडून परत नियम वाचायला बसले, की निदान त्यातून काही सुचेल. स्नीक अटॅक, म्हणजे रॉगचा चोरटा वार, म्हटल्यावर मला इतके दिवस वाटायचं अंधारात लपूनच मारायचं, पण लपायलाच पाहिजे असं नाही. समोरच्याच्या पाच फुटांत आपला कोणी त्याला भिडलेला असला तरी चालतं, तो तिकडे गुंतलेला आणि इकडून तुमचा वार बसला की वर एक डी-सिक्स, म्हणजे सहा बाजूंचा फासा, जास्त. हे वाचलं आणि मला एकदम नारायण पेठेतला आजोळचा वाडा आठवला.

म्हणजे हेच करायचो की आम्ही! मी आणि हाच मावसभाऊ. मे महिन्यात, दुपारी. आजी एक ते चार पडायची पण झोपायची नाही, माजघरात चटईवर नुसते डोळे मिटून, तिचं पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे गेममधला सावधपणाचा आकडा, अठराच्या खाली नसणार. हा जाऊन तिच्याजवळ बसायचा आणि म्हणायचा आजी, पानशेतच्या पुराचं सांग ना. झालं. १२ जुलै १९६१ पासून जी सुरू व्हायची, पाणी कुठपर्यंत आलं, कोणाची भांडी वाहून गेली, दिवे गेले, गाळ किती दिवस उपसला, आणि तेवढ्यात मी मागून फडताळ उघडून लाडू काढलेले असायचे. जिन्याची चौथी पायरी करकरायची, ती सोडून पाय टाकायचा. पकडले गेलो ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा डबा उघडताना नाही तर लावताना, पितळी डब्याचं झाकण दाबलं की ठप्प वाजायचं. चोरी करणं सोपं असतं, जागच्या जागी ठेवणं अवघड.

आणि थीव्ह्ज कँट, ती रॉग लोकांची गुप्त भाषा, पुस्तकात म्हटलंय की साध्या बोलण्यापेक्षा त्यात चौपट वेळ लागतो. आमची च ची भाषा होती ना. चबाड चुठेक? डबा कुठे. चौपट नाही लागायचा, आम्ही फास्ट होतो.

मग बॅकग्राउंड अर्चिन घेतलं, रस्त्यावर वाढलेलं पोर. त्यात एक मस्त गोष्ट मिळते, शहरातले आतले रस्ते माहीत असल्याने दोन ठिकाणांमधलं अंतर दुप्पट वेगाने कापता येतं, सोबतच्यांना पण घेऊन. लक्ष्मी रोडला संध्याकाळी अडकलेल्या कोणालाही विचारा याची किंमत. पेठांमधले बोळ माहीत असणारी पोरगी, एका दारातून आत आणि वाड्याच्या मागच्या दारातून दुसऱ्या गल्लीत. मध्ये एकदा डीएमला मेसेज केला की पुण्यातला सगळ्यात भारी स्टेल्थ रोल म्हणजे एप्रिल १६६३, लालमहाल, शाइस्ताखान. त्याचं उत्तर, "ती रेड होती, लेव्हल वीसची. तू लेव्हल एक आहेस. आणि उत्तर अजून आलेलं नाही."

अर्चिनच्या सामानात एक चाकू, गावाचा नकाशा, एक पाळीव उंदीर आणि आईवडिलांची आठवण म्हणून एखादी वस्तू असते. उंदराचं नाव लाडू. वस्तू काय ते सुचेना. मग वाटलं किल्ली, वाड्याच्या दिंडी दरवाजाची, ती वीतभर लांब लोखंडी. वाडा पाडून तिथे बिल्डिंग झाली त्याला बरीच वर्षं झाली. मावशी अजून म्हणते की रिकामा करताना कामगारांपैकी कोणीतरी उचलली किल्ली, दर गणपतीत निघतोच तो विषय.

रात्री जेवताना आईला सहज म्हटलं, ती किल्ली असती तर गेमला नेली असती, टेबलावर ठेवायला. आई काही बोलली नाही. भांडी आवरली, ओटा पुसला, मग आत गेली आणि लोखंडी कपाटातल्या साडीच्या घडीतून किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली.

मी म्हटलं, तू घेतलीस? का?

"मग काय भंगारवाल्याला देऊ?" आणि वर म्हणे गेम झाला की परत आणून दे, आणि मावशीला बोलू नकोस.

डीएमला उत्तर म्हणून हेच वाक्य जसंच्या तसं पाठवलं, ठकीच्या तोंडी घालून. त्याचा लगेच अंगठा आला, "हां, आता जमलं." पण किल्ली काही रविवारी टेबलावर काढता येणार नाही, तो मावशीचाच मुलगा आहे.