वांद्र्यातली नवी हॉटेलं : आधी पाव मागवा

वांद्र्यातली नवी हॉटेलं फिरून त्यांच्या नोंदी करतो आहे, मागच्या नोंदीत पाली नाक्यापर्यंत पोचलो होतो. त्यानंतर सगळा पावसाळा हिल रोड, वरोडा रोड आणि चॅपल रोड या पट्ट्यात खाण्यात गेला. या फेरीला एकच नियम ठेवला. टेबलावर बसलं की बाकी काही मागवायच्या आधी पाव मागवायचा. सावरडो (नैसर्गिक खमिरावर फुगवलेला आंबटसर पाव) असो, फोकाचिया (ऑलिव्ह तेलातला चपटा इटालियन पाव) असो, ब्रियोश (लोणी-अंड्यांचा मऊ पाव) असो, मेन्यूकार्डावर जे काही पावाच्या जातीचं असेल ते, लोण्यासकट.

हा नियम का, ते सांगतो. वांद्र्यातल्या नव्या हॉटेलांची मेन्यूकार्डं शेजारी शेजारी ठेवली तर निम्मी ओळखीची निघतात. बुराटा (आत साय भरलेलं इटालियन चीज) आहेच, ट्रफलचं (उग्र वासाच्या एका बुरशीचं) तेल आहे, कुरकुरीत तिखट तेल आहे, कच्च्या माशाची एक बशी आहे, शेवटी बास्क चीजकेक (वरून करपवलेला चीजचा केक) आहे. बुराटा डब्यातून येतं, ट्रफलचं तेल बाटलीतून. दोन्ही छान लागतात, पण त्यातून त्या स्वयंपाकघराबद्दल काहीच कळत नाही. पावाचं तसं नाही. मैदा, पाणी, मीठ आणि वेळ एवढंच भांडवल. चूक झाली तर ती झाकायला वरून काही ओतता येत नाही.

त्यात मुंबईची हवा. सावरडोचं खमीर चोवीस-पंचवीस अंशांवर खूश असतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत तीस-बत्तीस सहज होतात. थंड देशांतल्या पाककृतीत दिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी पीठ फुगून खाली बसतं आणि पाव आंबट, चपटा होतो. म्हणून इथले जाणते बेकर पीठ लवकर आवरतात आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सावकाश पिकवतात. ज्यांच्याकडे फ्रिजमध्ये जागा कमी आणि घाई जास्त, त्यांचा पाव कापल्यावर लगेच कळतो. जाळी वरच्या बाजूला मोठमोठी आणि खाली गच्च थर. जाळीदार घावन ओळखणाऱ्या कुणालाही हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

पावसाळ्यात परीक्षा आणखी अवघड. सकाळी भाजलेल्या पावाचं कडक कवच जुलैच्या दमटपणात तासा-दोन तासांत चामट होतं. हे हवेचं काम, बेकरचा दोष नाही. पण संध्याकाळी माझ्यापुढे येणारा तुकडा तव्यावर किंवा जाळीवर पुन्हा शेकून आला का, ही मात्र हॉटेलाची जबाबदारी. या फेरीतल्या बऱ्याच ठिकाणी शेकून आला. एका चकचकीत नव्या जागी मात्र गार, ओलसर पाव आणि फ्रिजमधून थेट काढलेलं, सुरीला दाद न देणारं लोणी आलं. बशीचे साडेतीनशे रुपये. पुढचं जेवण कसं असणार याचा अंदाज तिथेच आला आणि तो खरा ठरला. पास्ता जास्त शिजलेला, मासा कोरडा.

वेटरला विचारायचा प्रश्न मी आता पाठ करून ठेवला आहे : "पाव इथेच भाजता का हो?" उत्तराच्या आधी तो मुलगा किचनकडे बघतो की सरळ बोलायला लागतो, त्यावर माझे निम्मे गुण ठरतात. बाहेरून पाव घेणं यात कमीपणा काहीच नाही. चांगल्या बेकरीचा चांगला पाव आणून नीट शेकून देणारं हॉटेल मला स्वतः भाजलेला कच्चा पाव देणाऱ्यापेक्षा आवडतं. मात्र तीन वेगवेगळ्या हॉटेलांत तोच पाव, त्याच छेदाचा, तीन वेगवेगळ्या किमतींना भेटला की हसू येतं.

आता जागांबद्दल. वरोडा रोडवर रनवारच्या तोंडाशी ज्यूड बेकरीची जुनी जागा आहे. वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी (गावठाणातल्या वस्त्यांपैकी) रनवार ही अजून बऱ्यापैकी टिकलेली. लाकडी जिने, व्हरांडे, मधेच क्रूस, आणि गल्ली एवढी अरुंद की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. ज्यूडच्या जागेत २०२३ साली व्हेरॉनिकाज हे सँडविचचं दुकान आलं. बॉम्बे कॅन्टीन आणि ओ पेड्रो ही हॉटेलं चालवणारी हंगर इंक कंपनी, हीच मंडळी याच्या मागे आहेत. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर २०२४ मध्ये त्यांचंच पापाज हे हॉटेल सुरू झालं. शेफ हुसेन शहजाद आणि खुर्च्या अवघ्या बारा. बुकिंगसाठी झगडायची माझी तयारी अजून नाही आणि एका जेवणाला तेवढे पैसे घालवायचे तर घरी आधी तह करावा लागेल. म्हणून मी खालच्या मजल्यावरच. जुन्या बेकरीच्या जागेत पुन्हा पावाचाच धंदा चालावा, हे मला त्या पट्ट्यातलं सगळ्यात समजूतदार काम वाटलं. तिथे सँडविच खाताना आतल्या सारणाइतकंच बाहेरच्या पावाकडे लक्ष द्या. ओलं सारण असूनही तळाचा पाव शेवटच्या घासापर्यंत हातात टिकतो का, एवढंच बघायचं.

चॅपल रोडवर मेरी लॉज नावाच्या जुन्या बंगल्यात सबको आहे. २०२० साली, म्हणजे भलत्याच वर्षी सुरू झालेलं आणि तरी तगलेलं. कॉफी भाजणं आणि बेकरी असे दोन्ही उद्योग. कॉफीवर मी इथे बोलणार नाही, त्यावर बोलणारे आपल्यात वेगळे दर्दी आहेत. क्रोसाँबद्दल, म्हणजे लोण्याच्या पापुद्र्यांच्या फ्रेंच पावाबद्दल, मात्र बोलायलाच हवं. मैद्याच्या पोळीत लोणी गुंडाळून तीनदा तिहेरी घडी घातली की लोण्याचे २७ थर होतात. हे थर वेगळे राहायला लोणी घट्ट तरी लवचिक असावं लागतं, आणि लोणी तर तिशी ओलांडली की पाझरायला लागतं. मुंबईत थंड खोलीशिवाय हे काम होत नाही. म्हणून कुठल्याही नव्या बेकरीत क्रोसाँ मधोमध कापायचा. आत मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसली तर थंड खोली आहे आणि कारागीरही आहे. आत ब्रेडसारखा गोळा दिसला तर लोणी पिठात विरघळलंय. चव तरीही बरी लागते, लोणी ते लोणीच, पण मग त्याला क्रोसाँचे पैसे देऊ नयेत.

या सगळ्यातून बाहेर पडलं की होली फॅमिली रुग्णालयाशेजारच्या हर्श बेकरीत डोकावायची माझी सवय सुटत नाही. नव्या हॉटेलांच्या नोंदीत तिचं काय काम, असं कुणी म्हणेल. माझ्या मते मोजमापासाठी ती लागते. शेजारी इतक्या कमी पैशांत पोट भरणारं आणि ताजं काही मिळत असेल, तर साडेतीनशेच्या पावाने काहीतरी जास्त द्यायलाच हवं. काही जागा ते देतात. सगळ्या नाही.

भट्टीची एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. कारण अर्थातच शहराची हवा, आणि कारणाशी माझं भांडण नाही. लाकडाच्या भट्टीत वीट तापून राहते आणि ती खालून सतत आच देते, ब्रुन पावाचा कडक तळ त्यातूनच येतो. गॅसवर तो आणता येतो, पण नवी भट्टी बांधायला पैसे लागतात, आणि पाच-सहा रुपयांना पाव विकणाऱ्याकडे ते कुठून येणार? नव्या हॉटेलांना हा खर्च त्या मानाने हलका. त्यामुळे मेन्यूकार्डावर 'लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा' दिसला तर भट्टी कशावर चालते हेही विचारा. मी विचारतो. अजून कुणी हाकललेलं नाही.

जिथे पावच नाही तिथे काय करायचं, असा प्रश्न हिल रोडवरच्या सीफा या हॉटेलात पडला. सीफा केचायो या मूळच्या थायलंडच्या, करण बाने आपल्याकडचे, आणि दोघांनी मिळून थाय आणि जपानी अशी दोन्ही स्वयंपाकघरं एकत्र आणली आहेत. तिथे पावाच्या जागी भात धरला. थाय करीबरोबरचा जास्मिन भात मोकळा हवा, सुशीचा भात चिकट तरी प्रत्येक दाणा वेगळा, आणि शरीराच्या ऊबेइतकाच कोमट. सुशीचा भात फ्रिजमधला गार आला तर मासा कितीही ताजा असो, मजा जाते. भातावर वाढलेल्या आपल्या माणसांना ही परीक्षा पावापेक्षा सोपी जाईल.

बिलाचं थोडक्यात. हॉटेलातल्या जेवणावर बहुतेक ठिकाणी जीएसटी ५ टक्के. सेवाशुल्क हा कर नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते बिलात आपोआप लावू नये असं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. तरीही काही जागी दहा टक्के छापून येतात. "हे काढा" असं शांतपणे म्हटलं की काढतात. सेवा चांगली असेल तर मी तेवढेच, कधी जास्तही, रोख वेटरच्या हातात देतो. आणि शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी जा. शुक्रवार-शनिवारी रात्री टेबल दीड-दोन तासांपुरतंच मिळतं, पाव संपलेला असतो, आणि गोंगाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. हा सगळा भाग मूळचा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा. त्यांची बोली मराठीची, पंगतीला फुग्या (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव), चितापं (तांदळाचे पातळ घावन), तांदळाच्या हातभाकऱ्या, आणि उन्हाळ्यात कुटून काळसर बाटल्यांत भरलेला बाटली मसाला. म्हणजे पावाची आणि भाकरीची एवढी मोठी परंपरा शेजारच्या घरात, आणि मी जिथे जिथे बसलो त्या मेन्यूकार्डांवर ती नाही. रनवारमध्ये घराच्या पायरीवर बसलेल्या एका आँटींना विचारलं की फुग्या कुठे मिळतील. म्हणाल्या, "ऑर्डर द्यायची असेल तर आधी सांगायला लागतं. आणि हॉटेलात कशाला जाता? लग्नाला या." बोलावणं खरं होतं की टोला, कळलं नाही. पण इटलीहून चीज मागवणाऱ्या हॉटेलाला पन्नास पावलांवरून फुग्या मागवायला हरकत काय? सोरपोटेलबरोबर (डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट कालवणाबरोबर) गरम फुग्या चारशे रुपयांना ठेवल्या तरी मी देईन, आणि सेवाशुल्कावरून वादही घालणार नाही.

पुढचा टप्पा खारचा. तिथल्या जपानी जागांची यादी तयार आहे, म्हणजे पुन्हा भातच. त्याआधी सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा येते. त्या आठवड्यात हिल रोडला जेवायचं बुकिंग करू नका, रिक्षा मिळणार नाही. चालतच जा.