तीन नंबर आणि सात नंबर

तीन नंबरच्या सिगारला मी ९१ गुण दिले होते, सात नंबरच्या सिगारला ७९. संध्याकाळी कोणता नंबर कोणत्या सिगारचा ते सांगणारं कोडचं पाकीट फोडलं तेव्हा कळलं, की दोन्ही एकाच खोक्यातल्या होत्या. एकच कारखाना, एकच मिश्रण, एकच आकार, खोक्यावर एकच तारीख. बाकी तिघांचे तक्तेही तेच सांगत होते: तीन नंबर ८९ ते ९२, सात नंबर ७६ ते ८१. बारा गुणांचा फरक म्हणजे एकीची शिफारस करायची आणि दुसरीच्या वाटेला जाऊ नका म्हणायचं.

चाचणी कशी होते ते आधी सांगतो, त्याशिवाय या आकड्यांना वजन येणार नाही. चार जण चाखतात, प्रत्येक नंबरची एकेक सिगार प्रत्येकाला. बँड, म्हणजे ब्रँडचं नाव असलेल्या कागदी पट्ट्या, काढलेले असतात. नंबर टाकणारा पाचवा माणूस स्वतः चाखत नाही आणि त्या दिवशी बोलतही नाही. तासभर आधीपासून कॉफी नाही, टूथपेस्ट नाही, अंगाला अत्तर नाही. दोन झुरक्यांमध्ये लागेल तेव्हा साधं पाणी, फ्रिजमधलं नव्हे. गार पाण्यानं जीभ बधिर होते. दिवसाला चारच सिगार, दोन सकाळी, दोन दुपारी. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, पण हवेवर सुकवलेल्या या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. मळमळायला लागलं, कपाळावर घाम आला, की त्यानंतर दिलेला एकही गुण धरायचा नाही. आणि धूर आत घेतला नाही म्हणून तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, हे या कामातल्या माणसानं स्वतःपासून लपवू नये.

अधूनमधून एकाच खोक्यातल्या सिगार दोन नंबरांनी टेबलावर येतात. ती परीक्षा सिगारची नसते, आमची असते. क्रमही सगळ्यांना सारखा नसतो. त्या दिवशी दोघांना तीन नंबर सकाळी मिळाला आणि सात दुपारी, दोघांना उलट. म्हणून 'दुपारी जीभ थकली होती' हे कारण पहिल्या मिनिटातच बाद झालं. ताज्या तोंडानं सात नंबर ओढणाऱ्यांनीही तिला तेवढेच कमी गुण दिले होते.

सिगार रोबस्टो होती: लांबी ५ इंच, रिंग गेज ५०. रिंग गेज इंचाच्या ६४व्या भागात मोजतात, म्हणजे जाडी साधारण २० मिलिमीटर. रॅपर, म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान, इक्वाडोरमध्ये क्युबन वंशाच्या हबानो बियाण्यापासून पिकवलेलं. तिथल्या ढगाळ हवेची सावली पिकाला आपसूक मिळते, म्हणून पान पातळ आणि बारीक शिरांचं निघतं. फिलर, म्हणजे आतल्या भरावाची पानं, निकाराग्वाचा, एस्तेली आणि हालापा या दोन भागांतला. एस्तेलीचं पान दमदार आणि तिखट, हालापाचं गोडसर, मऊ.

तीन नंबर पेटवली तेव्हाचं अजून आठवतं. टोपीचा, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकाचा, जेमतेम २ मिलिमीटरचा काप घेतला. टोपीची गोलाई संपून सरळ भाग सुरू होतो तिथे कात्री गेली, की रॅपर सुटायला लागतं. न पेटवता ओढून पाहिली: सुकं गवत, कोको, सीडारचं लाकूड. ज्योत टोकाला न टेकवता पंधरा-वीस सेकंद शेकवली, कडेला राखेची अखंड गोल रेघ आल्यावर पहिला झुरका. सुरुवातीला काळी मिरी, तीही नाकावाटे धूर सोडल्यावरच कळणारी. मधल्या तृतीयांशात भाजलेले दाणे आणि हलका गोडवा. दर मिनिटाला एक झुरका, राख अडीच सेंटीमीटरपर्यंत टिकली, जळण्याची रेघ एकदाही वाकडी झाली नाही. ५४ मिनिटं.

सात नंबर ७३ मिनिटं चालली आणि दोनदा विझली. पहिल्या तृतीयांशातच मिरीच्या जागी नुसता तिखटपणा, नाकात झोंबणारा. मध्यावर जिभेच्या मुळाशी कडू थर बसला, तो पाण्यानंही जाईना. जळत्या रेघेच्या सेंटीमीटरभर पुढे रॅपरला उभी चीर गेली. चारपैकी दोन तक्त्यांवर अशाच चिरेची नोंद होती.

टेबलावर पहिला निकाल निघाला तो 'पान कच्चं आहे'. हा निकाल तोंडावर येणं साहजिक आहे. सुकवलेली पानं मोठ्या ढिगांत रचून आंबवतात. ढीग आतून तापतो, ठरावीक तापमानाला पोचला की मोडून आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत अशी पुन्हा रचतात. या सगळ्यात पानातला अमोनिया निघून जातो. ढीग घाईनं मोडला, फेऱ्या कमी केल्या, तर तो अमोनिया सिगारमध्ये उरतो आणि नाकात असाच झोंबतो. पण मग एकाच खोक्यातली तीन नंबर इतकी स्वच्छ कशी? शिवाय कच्च्या पानाचा अमोनिया पेटवायच्या आधीच टोकाशी नाक नेलं तरी कळतो. मी माझा तक्ता परत वाचला. सात नंबरच्या थंड, म्हणजे न पेटवता घेतलेल्या, वासापुढे मीच लिहिलं होतं: 'गवत, कोको.' अमोनियाचं नाव नाही. त्याच ओळीत पुढे: 'ड्रॉ किंचित घट्ट', म्हणजे ओढताना हवा जरा अडत होती. इतर दोन तक्त्यांवरही 'घट्ट' हाच शब्द होता.

मग संशय वळणाऱ्या हातावर गेला. पानं नळीसारखी गुंडाळून शेजारी शेजारी ठेवली तर मधून हवेला वाट राहते. एखादं पान पिळलं गेलं किंवा जाड शीर आडवी राहिली, की गाठ होते आणि तिथे धूर अडतो. दुसरी चूक लिगेरोची. लिगेरो म्हणजे झाडाच्या वरच्या भागातलं जाड, कडक पान. ते सगळ्यात हळू जळतं, म्हणून बरोबर मध्यभागी लागतं. कडेला सरकलं तर सिगार एका बाजूनं जळत जाते आणि चव बिघडते. सात नंबर जिथून काढली त्याच ट्रेमधली न पेटवलेली एक सिगार मी धारदार पात्यानं टोपीपासून टोकापर्यंत उभी चिरली, रॅपर आणि त्याच्या आतलं, भराव बांधून ठेवणारं पान, म्हणजे बाइंडर, बाजूला केले आणि पानं एकेक करून कागदावर मांडली. लिगेरो मधोमध. गाठ नाही, आडवी शीर नाही. हात चांगला होता. फक्त पानं उलगडताना कुरकुरण्याऐवजी कापडासारखी वाकत होती, बोटाला गारवा लागत होता.

इथे वजनाची वही कामाला आली. खोकं आल्या दिवशी प्रत्येक सिगार ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजून तिच्या चिठ्ठीवर वजन लिहितो. पुष्कळांना हा उपद्व्याप वाटतो. पण हातानं वळलेल्या दोन सिगारमध्ये एका ग्रॅमचाही फरक सहज असतो, त्यामुळे वेगवेगळ्या सिगारची वजनं शेजारी ठेवून ओलावा कळत नाही. एकाच सिगारचं कालचं आणि आजचं वजन ठेवलं तर कळतो. खोक्यात २० नग होते; सिगार ठेवायच्या कपाटात दहा वरच्या फळीवरच्या ट्रेमध्ये, दहा खालच्या. वरच्या ट्रेत उरलेल्या सहा नगांची वजनं तीन आठवड्यांत ०.०५ ग्रॅमपलीकडे हलली नव्हती. खालच्या ट्रेत उरलेल्या पाचांनी ०.२६ ते ०.३८ ग्रॅम वजन घेतलं होतं. १३ ग्रॅमच्या सिगारला एवढं पाणी खूप झालं. सात नंबरच्या चारही सिगार खालच्या ट्रेमधल्या होत्या.

ओल्या सिगारमध्ये काय होतं ते एकदा नीट समजून घेतलं की अशी चव ओळखता येते. पान पाणी पिऊन फुगतं, मधल्या हवेच्या वाटा बंद होतात. ओढणारा नकळत जोरानं आणि वारंवार ओढतो, निखारा भलताच तापतो. पुढच्या पानांतल्या पाण्याची वाफ होते, धूर गरम आणि जड लागतो, त्यातला चिकट भाग थंड टोकाकडच्या पानांवर साचत जातो. मध्यावर जिभेवर बसलेला थर तो. आतली पानं फुगलेली आणि वरून पातळ रॅपर, त्यात निखाऱ्याची आच. म्हणून रेघेच्या पुढे चीर. विझल्यावर पुन्हा पेटवताना राख झाडून एकदा उलटी फुंकर मारून शिळा धूर बाहेर काढायचा असतो. तो काढला तरी फार ओल्या सिगारचा कडवटपणा जात नाही, कारण पाणी आहे तिथेच असतं.

आता प्रश्न कपाटाचा. आतला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजणारं यंत्र, ६५ टक्के आणि २० अंश दाखवत होता, महिनाभर तेच. तो खोटा बोलतोय का हे पाहायला मिठाची चाचणी केली. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी टाकायचं. मीठ पूर्ण विरघळलं तर चाचणी वाया जाते. झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत २४ तास ठेवायचे. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. आमच्या हायग्रोमीटरनं ७४ दाखवले. म्हणजे तो खरं बोलत होता, पण बसवला होता सगळ्यात वरच्या फळीवर. तोच खालच्या फळीवर रात्रभर ठेवला, तर सकाळी ७२ टक्के आणि १८ अंश.

दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण २० अंशांना ६५ टक्के असलेली हवा, पाण्याचा थेंबही न वाढवता १८ अंशांवर आणली, तर सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल त्या वाफेपैकी किती टक्के आहे तो आकडा, ७३-७४ टक्क्यांवर जाते. तंबाखूला हवेत पाणी किती आहे याच्याशी नाही, सापेक्ष आर्द्रता किती आहे याच्याशी मतलब. कपाटाची थंड करणारी पट्टी तळाला होती आणि हवा फिरवणारा छोटा पंखा बंद पडलेला. तापमान फार चढू द्यायचं नाही हे बरोबरच: २४-२५ अंशांच्या पुढे तंबाखूच्या किड्याची अंडी उबतात आणि रॅपरला टाचणीएवढी भोकं पडायला लागतात. त्या भीतीपोटी आम्ही थंडाव्याकडे लक्ष दिलं आणि खालच्या फळीवर तोच थंडावा ओलावा होऊन बसला.

उरलेल्या पाच सिगार ६५ टक्के आणि २० अंशांना, लाकडी ट्रेवर बोटभर अंतरानं मांडल्या. लवकर सुकवायचा मोह आवरावा लागतो. कोरड्या हवेत बाहेरचं रॅपर आधी आक्रसतं, आतली पानं अजून फुगलेली असतात आणि सिगार न पेटवताच फाटते. वजनं मूळ आकड्यावर यायला १७ दिवस लागले. त्यानंतर आणखी आठवडाभर त्यांना हात लावला नाही, कारण वजन परत आलं म्हणजे गाभा आणि कवच सारखे झाले असं होत नाही.

सात नंबरचे गुण मी नोंदीत धरले नाहीत. सरासरी काढून ८५ लिहावेत असं दोघांचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. ८५ गुणांची सिगार त्या खोक्यात नव्हतीच. पंखा बदलला, खालच्या फळीवर दुसरा हायग्रोमीटर लावला. चाचणीच्या सकाळी वजन आल्या दिवसापेक्षा ०.२ ग्रॅमनं कमी किंवा जास्त भरलं, तर ती सिगार आता टेबलावर येत नाही.

त्या पाचांपैकी चार पुन्हा आल्या, इतर नमुन्यांत मिसळून, बारा नंबरनं. कुणाला काही सांगितलं नव्हतं. ड्रॉ मोकळा, एकही विझली नाही, ५२ ते ५७ मिनिटं. गुण ९०, ८९, ९१, ९०. एका तक्त्यावर शेवटच्या तृतीयांशापुढे 'किंचित तुरट' असा शेरा होता. मी त्याच माणसाचा तीन नंबरचा जुना तक्ता काढून पाहिला. तिथेही, त्याच खान्यात, 'किंचित तुरट'.