पांढरं पडलेलं काळं चॉकलेट

दुपारचं जेवण झालंय, बाजार चारपर्यंत बंद, डोक्यावर पंखा फुल्ल. अशा वेळी फ्रीजमधली डार्क चॉकलेटची पट्टी आठवते. चंदेरी कागद उलगडावा तर वडीवर पांढरी पूड! ‘बुरशी आली’ म्हणून ती थेट कचऱ्यात जाते. बहुतेक वेळा ती बुरशी नसतेच.

आधी बोट घासून पाहावं. तुपकट लागलं आणि बोटाच्या उबेनं पुसलं गेलं तर ते वर आलेलं कोको बटर. खरखरीत, कोरडं लागलं तर ती साखर. पहिली करामत उन्हाची. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडू लागतं; मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून म्हापशाहून पणजीपर्यंत आलेल्या पट्टीकडून दुसरी काय अपेक्षा? ते पुन्हा गोठतं तेव्हा वेडंवाकडं गोठतं. दुसरी करामत आपलीच. गार पट्टी फ्रीजमधून काढून लगेच उघडली की गोव्याची दमट हवा तिच्यावर घाम धरते, त्यात वरची साखर विरघळते, पाणी सुकतं आणि साखर मागे राहते. म्हणून पट्टी घट्ट झाकणाच्या डब्यात, भाजीच्या कप्प्यात ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास डबा उघडूच नये. डबा सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) शेजारी तर मुळीच नको. कोको बटर वास असा ओढून घेतं की मग ते चॉकलेट भातासोबतच खावं लागेल.

पांढरी पडलेली वडी खायला काही हरकत नाही. चव जरा मातकट लागते, इतकंच. फारच जिवावर आलं तर ती गरम दुधात ढवळावी.

पूर्वी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला असलेला, मामा किंवा गल्फातला काका सुट्टीवर आला की चॉकलेटचा डबा उघडायचा, दोन दिवसांत फस्त व्हायचा, आणि तळाशी कडू वड्या तेवढ्या उरायच्या. त्याच वड्या आता बीपीच्या गोळीशेजारी मानानं बसल्या आहेत. मान अगदीच खोटा नाही. कोकोतल्या फ्लॅव्हनॉल या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या लवचीक राहायला मदत होते, आणि दिवसाला २०० मिलिग्रॅमचं माप युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१२ साली मान्य केलं. हिशेबानं ते फ्लॅव्हनॉल मुद्दाम राखलेलं १० ग्रॅम डार्क चॉकलेट. शंभर ग्रॅमच्या पट्टीचे २४ चौकोन असले तर अडीच चौकोन. पट्टी नव्हे, चौकोन!

गोम ‘मुद्दाम राखलेलं’ या शब्दांत आहे. वेष्टनावरचे ७० टक्के म्हणजे कोकोचा गर आणि कोको बटर मिळून ७० टक्के. फ्लॅव्हनॉल किती, याचा त्यात पत्ताच नाही. बी आंबवताना काही जातं, भाजताना आणखी काही, आणि कडवटपणा मारायला कोकोला अल्कलीचा हात लागला की बरंचसं संपतं. गंमत अशी की अल्कलीनं रंग अधिकच गडद होतो. म्हणजे जितकं काळं तितकं गुणकारी, ही समजूत उलटीही पडू शकते. घटकांची यादी वाचावी. ‘अल्कलाइज्ड’ दिसलं तर चवीसाठी जरूर घ्यावं, हृदयासाठी नको. यादीत पाम तेल किंवा नुसतंच ‘वनस्पती चरबी’ असेल तर ते बहुधा कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी चरबी घातलेलं. पर्यटकांसाठी सुटी विकली जाणारी, उन्हात न वितळणारी कित्येक चॉकलेटं याच जातीची. आणि ७० टक्क्यांच्या पट्टीत उरलेले जवळजवळ ३० ग्रॅम म्हणजे साखर, सहा चमचे.

अमेरिकेत २१ हजारांहून जास्त माणसांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०२२ साली आला. रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल देऊनही हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. तेही कॅप्सूल देऊन, चॉकलेट देऊन नव्हे. तेव्हा गोळी बंद करून वडी सुरू करायचा उत्साह आवरावा. कोकोत शिसं आणि कॅडमियमही असू शकतं, कॅडमियम जमिनीतून, शिसं बरंचसं बी वाळवतानाच्या धुळीतून. टक्का चढला की तेही साधारण चढतं. गरोदर बाई आणि लहान मुलं यांनी रोजचा रतीब लावू नये. झोप उडत असेल तर रात्रीची वडी दुपारी चारला न्यावी, ३० ग्रॅममध्ये पंचवीसेक मिलिग्रॅम कॅफीन असतं.

एक जाता जाता. टाचांच्या भेगांना लावायचं आपलं भिरंडेल, तेच कोकमाच्या बियांचं तूप, युरोपात चॉकलेटमध्ये घालायला अधिकृत परवानगी असलेल्या सहा चरबींपैकी एक आहे. पाच टक्क्यांपर्यंत चालतं. ते कोको बटरपेक्षा चारपाच अंश जास्त गरम झाल्यावर वितळतं, म्हणजे आपल्या उन्हाला आपलाच उतारा! पण आपण ते पायालाच लावतो. असो.

उरलेली पट्टी मात्र टेबलावर ठेवून आडवं होऊ नका. कोकोतलं थिओब्रोमिन माणूस पचवतो, कुत्र्याच्या अंगातून ते फार सावकाश जातं. पाच किलोच्या कुत्र्याला २० ग्रॅम डार्क चॉकलेटही बाधू शकतं. त्यानं खाल्लंच तर उलटीची वाट बघत बसू नये. वेष्टन सोबत घ्यावं, त्यावर टक्का असतो, आणि तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे जावं.