"माहीत होतं, मॅडम"

समुपदेशक म्हणून शाळेत मारामाऱ्या, मोबाइल, चिठ्ठ्या हे रोजचंच. पण त्या सोमवारी समोर बसलेला नववीतला मुलगा वर्गातला सर्वांत शांत. आदल्या दिवशी त्याने कृष्णेवरच्या जुन्या पुलावरून भर पुरात उडी टाकली होती. धरणातून विसर्ग सुरू, पाण्याला ओढ. खाली मासे धरणाऱ्यांनी काठाला ओढला म्हणून वाचला. खांदा फाटून टाके पडलेले.

वडिलांचं एकच चाललं होतं, "मॅडम, एवढ्या मोठ्या पोराला एवढंही कळू नये?" मुख्याध्यापक दाखला हातात द्यायच्या विचारात. बाकीच्यांना जरब बसेल म्हणाले.

दोघांना बाहेर बसायची विनंती करून मी मुलाला विचारलं, तिथे धोका काय होता? त्याने धडाधड सांगितलं. खांबापाशी भोवरा धरतो, तळाला जुन्या बांधकामाचे दगड आहेत, पाणी गढूळ असलं की खोली कळत नाही. मी याहून जास्त काय सांगणार होते?

"मग एकटा असतास तर?"

"छे, मॅडम! एकटा कशाला उडी मारीन?"

पुलावर चार मित्र होते. एकाने मोबाइल धरला होता.

वडिलांना आत बोलावून मी लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगांबद्दल सांगितलं. अमेरिकेतले हे मानसशास्त्रज्ञ. गाडी चालवायच्या व्हिडिओ गेममध्ये सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं, एवढाच प्रश्न. एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांइतकीच जपून खेळली. मित्र बघताहेत म्हटल्यावर मात्र त्यांनी जास्त धोके पत्करले. मोठ्यांमध्ये तसा फरक पडला नाही. 2011 साली त्यांच्या गटाने हेच मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं. मित्रांच्या नजरेखाली मुलांच्या मेंदूतला, बक्षिसाच्या आशेने चेतणारा भाग जास्त पेटत होता. आवर घालणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं. म्हणजे पोराला कळत होतं. त्या क्षणी, त्या चौघांसमोर, कळलेलं हाताशी आलं नाही.

"म्हणजे सोडून द्यायचं?" वडील चिडले. त्यांचा राग मला रास्तच वाटला. रात्रभर ते दवाखान्यात बसून होते. नाही, सोडायचं नाही. पण धोक्यावर आणखी एक व्याख्यान देऊन काय होणार? आणि दाखला दिला तर हा मुलगा दिवसभर त्याच पुलावर, त्याच पोरांबरोबर. शिक्षेच्या नावाखाली आपणच त्याला तिथे नेऊन सोडायचं, हे मला मान्य नव्हतं, आणि मी ते मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितलं.

बरीच घासाघीस झाली. शेवटी दाखल्याचा विषय मिटला. पाचही मुलांना पालकांसह बोलावायचं ठरलं, मोबाइल धरणाऱ्यालाही. पावसाळाभर रविवारी शाळेचा हॉल कबड्डीसाठी उघडा ठेवायचा. बघायला मित्र असतील, पण खेळाचे सरही असतील. किल्ली मुख्याध्यापकांनी स्वतःकडे ठेवली. मॅट मात्र जुन्या झाल्या होत्या, त्यासाठी पालक संघाकडे अर्ज मीच लिहिला.