थ्रू गाडीचं वारं

चाळीसगाव ते जळगाव या पट्ट्यात कजगाव, नगरदेवळा, म्हसावद, शिरसोली अशी स्टेशनं आहेत. तिथे मोजक्या गाड्या थांबतात, बाकीच्या धूळ उडवत निघून जातात. थ्रू गाडी यायची म्हटली की फलाटावर ठरलेल्या हालचाली सुरू होतात. बाया पदर कमरेला खोचतात, टोपीवाले टोपी काढून हातात धरतात, कुणीतरी दुसऱ्याच्याच पोराचं बखोट धरून त्याला मागे खेचतं. आमच्या मोठ्या मायचं वाक्य ठरलेलं होतं, "मांगे सरक, गाडी वढी लेई!" गाडी माणसाला ओढून घेते हे तिला जितकं पक्कं ठाऊक होतं, तितकं स्वतःचं वयही ठाऊक नव्हतं.

भुसावळमुळे आमच्याकडे प्रत्येक गोतावळ्यात एखादा तरी रेल्वेवाला असतोच, आणि त्याच्याकडे या विषयावरची एक गोष्ट असते. गोष्टीत एक भला माणूस फलाटाच्या कडेला उभा असतो. इंजिन जवळ येतं आणि तो आपोआप आत खेचला जातो. सांगणाऱ्याने हे स्वतः पाहिलेलं नसतं. त्याच्या साडूने पाहिलेलं असतं.

मला ही समजूत अर्धी खरी वाटते. गंमत म्हणजे तिचा खरा अर्धा भाग लोक बोट दाखवतात तिथे नाहीच.

हवा आपण मोजत नाही म्हणून ती बिनवजनाची वाटते. एक मीटर लांब, रुंद, उंच खोक्यात मावणारी हवा सव्वा किलोच्या आसपास भरते. गाडीचं तोंड ही हवा बाजूला सारत येतं, म्हणून तोंड समोरून जाताना आधी बाहेर ढकल बसते आणि लगेच आत ओढ. हा सगळा खेळ क्षणाच्या आत संपतो. त्यानंतर डब्यांना चिकटून हवेचा एक लोट गाडीबरोबर धावत असतो, गाईमागे वासरू ओढत जावं तसा. तो गाडीच्या लांबीबरोबर फुगत जातो आणि शेवटचा डबा गेल्यावरही काही क्षण फलाटावर धुमाकूळ घालतो. वर्तमानपत्राची पानं, चहाचे कप, शेंगांची टरफलं गाडी जाते त्या दिशेने पळतात ती त्याच्यामुळे. म्हणजे माणूस पडला तरी तो सरळ आत खेचला जाण्यापेक्षा गाडी जाते त्या दिशेने पुढे धडपडण्याची शक्यता जास्त.

आता जोराचा हिशोब. इगतपुरी ते भुसावळ या मार्गावर काही गाड्या ताशी १३० किलोमीटरपर्यंत जातात. एवढ्या वेगाची हवा थेट छातीवर घेतली तर चौरस मीटरला ८० किलोचा रेटा बसेल. पण तो इंजिनाच्या तोंडावर. फलाटावरच्या माणसापर्यंत त्यातला थोडा अंश पोचतो. समजा पोचलेलं वारं ताशी ३० किलोमीटरचं आहे, तर चौरस मीटरला चार किलो, म्हणजे एका माणसावर दोन-अडीच किलो. वातावरणाचा दाब आपल्यावर कायमच असतो, तो चौरस मीटरला दहा टन! कानाचा पडदा फाटायला त्या दाबात एकाएकी साधारण तिसऱ्या हिश्श्याची भर पडावी लागते. गाडीचं वारं त्याच्या जवळजवळ हजाराव्या भागाएवढं. तेव्हा वाऱ्याने छाती फुटते, कान जातो, काळीज बसतं, हे सगळं साडूच्या खात्यावर टाकावं.

दोन-अडीच किलो मात्र कमी नाहीत. डोक्यावर गाठोडं, काखेत पोर आणि ‘आली का’ म्हणून रुळांवर वाकून बघणारं माणूस, अशा अवस्थेत ते भरपूर होतात. शिवाय ते सांगून येत नाहीत. तोल सावरायला शरीराला जो जरासा अवधी लागतो, तोच मिळत नाही. साडीचा घेर असला तर वाऱ्याला धरायला आणखी कापड. फलाटावरची पिवळी पट्टी यासाठीच असते, आणि बहुतेकांना तिचा अर्थ ‘इथे उभे राहा’ असा वाटतो.

सगळे राजधानीला भितात, मालगाडीला कुणी भीत नाही. हे उलटं आहे. प्रवासी गाडीचे डबे बाहेरून गुळगुळीत आणि एकसारखे. मालगाडीचं तोंड बोथट, वाघिणींच्या मधे फटी, बाजूला उभ्या पट्ट्या, एक वाघीण भरलेली तर एक रिकामी. दीपनगरच्या वीजकेंद्राकडे कोळसा घेऊन जाणारी गाडी बघा. तिची प्रत्येक फट हवेला नव्याने ढवळते. त्यामुळे कमी वेगातही ती आपल्या आजूबाजूची हवा जास्त उधळते. ब्रिटनमध्ये मालगाडीच्या वाऱ्याने फलाटावरच्या बाबागाड्या सरकून गाडीवर आपटल्या, त्याची रीतसर चौकशी झाली. आपल्याकडे मालगाडी आली की लोक उलट पुढे येऊन डबे मोजत बसतात.

हायवेवर हाच प्रकार जास्त जवळून बघायला मिळतो. जळगाव ते धुळे रस्त्याला लागून असलेल्या एखाद्या टपरीवर अर्धा तास बसावं. टपरीला रस्त्याच्या बाजूने निळी ताडपत्री लावलेली असते. कंटेनर येताना ताडपत्री आधी आत फुगते, पार गिऱ्हाइकाच्या पाठीला लागते. कंटेनर समोर आला की तीच ताडपत्री रस्त्याकडे ओढली जाते, सुतळ्या ताणल्या जातात, तिच्या भोकांच्या पितळी कड्या बांबूवर टकटक वाजतात. मग तो गेला की ती दोनदा फडफडून गप्प. आत, बाहेर, फडफड. दर गाडीला याच क्रमाने. छोट्या कारला ताडपत्री ढिम्म हलत नाही, ट्रॅव्हल्सला बऱ्यापैकी, आणि कडबा भरलेल्या ट्रकला सगळ्यात जास्त, कारण कडबा दोन्ही बाजूंनी रस्ताभर फुगलेला असतो. टपरीवाल्याला यातलं काही शिकवावं लागत नाही. भज्यांच्या परातीवरच्या कागदावर त्याने केव्हाच वजनकाट्यातलं किलोचं वजन ठेवलेलं असतं.

ताडपत्रीच्या जागी स्कूटीवरची कॉलेजची पोरगी ठेवा, म्हणजे विषय गंभीर होतो. मागून येणारा कंटेनर आधी तिला डावीकडे ढकलतो. ती घाबरून हँडल उजवीकडे घेते. नेमकी तेव्हाच ओढ सुरू होते आणि गाडी वाजवीपेक्षा जास्त उजवीकडे जाते. त्यातून कंटेनरच्या आडोशाने बाजूचं वारं एकदम थांबतं आणि तो पुढे गेला की पुन्हा अंगावर येतं. तिला मारलं तर मारेल ते चाक. वाऱ्याने फक्त तिला त्याच्या हवाली केलेलं असतं. पंचनाम्यात वाऱ्याचं नाव कधी येत नाही, ‘ताबा सुटल्याने’ असं येतं. ताबा का सुटला, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही.

आता गाडीहून वेगवान गोष्टीकडे. भुसावळजवळ वरणगावला आयुध निर्माणीत रायफलीची काडतुसं बनतात. त्या भागातल्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो, की गोळी कानाजवळून गेली तर नुसत्या हवेने माणूस मरतो का? नाही मरत. गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने जाते, तिच्यापासून हवेत दाबाची एक धारदार लाट निघते आणि आपल्याला चाबकासारखा कडाका ऐकू येतो. अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाने ही लाट छायाचित्रात पकडून १८८७ साली जगाला दाखवली. पण गोळीच केवढी, करंगळीहून बारीक. ती हवा हलवून हलवून किती हलवणार? लाट हातभर अंतरातच बरीच विरते.

तोफेच्या गोळ्याबद्दल मात्र भले भले फसले होते. १८१८ साली खानदेशातल्या थाळनेरच्या किल्ल्यावर इंग्रजांच्या तोफा चालल्या, त्या काळात युरोपातले लष्करी शल्यवैद्य गंभीरपणे मानत की गोळा जवळून गेला तर त्याच्या ‘वाऱ्याने’ माणूस मरतो. त्यांच्याकडे पुरावा होता, हे महत्त्वाचं. अंगावर ओरखडा नसलेली प्रेतं सापडत, आणि आत हाडांचा चुरा, आतडी फाटलेली. दुसरं काय म्हणणार? नेपोलियनच्या सैन्याचा शल्यवैद्य लारे याला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं असं की वेग ओसरलेला गोळा अंगाला तिरका घासून जातो. कातडी ताणली जाते, फाटत नाही, आतल्या हाडांना मात्र ती सवलत नाही. आणखी एक साधी गोष्ट होती. लढाईत गोळे टोप्या उडवून जात, शेजाऱ्याचा हात तोडून जात आणि मधला माणूस घरी जाऊन ते सांगत असे. वारं जीवघेणं असतं तर सांगायला तो उरला नसता.

मग हवेच्या दाबाने खरंच इजा होते तरी कधी? वस्तू मोठी असावी आणि वेग भलताच असावा. आवाजाहून वेगाने जाणारं विमान जमिनीवर जो धडाका पोचवतो, त्याचा दाब साधारण चौरस मीटरला पाच ते दहा किलो, म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटरच्या वाऱ्याच्या रेट्याएवढा. फरक इतकाच की वारं हळूहळू चढतं आणि हा दाब डोळ्याचं पातं लवायच्या आत चढतो. १९६४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीवर मुद्दाम सहा महिने असे १,२५३ धडाके करून पाहिले. माणसांचे कान शाबूत राहिले, डोकी मात्र तापली. तडकलेल्या काचांच्या आणि गिलाव्याच्या तक्रारींचा ढीग लागला.

काच हाच या सगळ्यातला खरा गुन्हेगार. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा एक दगड आकाशातून आला, सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने. तो ३० किलोमीटर उंचीवर फुटला. आधी लखलखाट झाला, आवाज काहीच नाही. लोक ‘काय झालं’ म्हणून खिडकीशी धावले, काचेला नाक लावून उभे राहिले. दाबाची लाट पोचायला दोन मिनिटांहून जास्त लागली. मग काचा फुटल्या. सुमारे १,५०० लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. मेलं कुणी नाही. एका शिक्षिकेने लखलखाट बघताच वर्गातल्या पोरांना बाकांखाली बसवलं, ती पोरं सुखरूप राहिली, तिचा स्वतःचा हात कापला. मृगाच्या आधी वीज चमकली की आमच्याकडे पोरं मोठ्याने आकडे मोजतात आणि गडगडाट झाला की थांबतात. तीन सेकंदांना एक किलोमीटर. हा खेळ चेल्याबिन्स्कला कुणी खेळलं असतं, तर मोजता मोजता खिडकीपासून लांब जायला पुरेसा वेळ होता.

खेळावरून आठवलं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ वर गेला की हवा डिसेंबरच्या पहाटेपेक्षा दहा टक्क्यांनी विरळ होते, आवाजही सेकंदाला वीसेक मीटर जास्त धावतो. म्हणजे उन्हाळ्यात थ्रू गाडीचा धक्का जरा कमीच. पण ते वारं अंगाला लागतं तेव्हा भट्टीचं दार उघडल्यागत होतं, त्यामुळे या सवलतीचं कुणाला कौतुक नाही.

आणि खानदेशात हवेच्या रेट्याने कुणाचं सगळ्यात जास्त वाटोळं होतं, तर केळीचं. रावेर, यावल, मुक्ताईनगरकडे मे-जूनच्या वादळात एका संध्याकाळी बागाच्या बागा आडव्या होतात. वादळानंतर बागेत जाऊन एक पान हातात घेऊन बघा. नव्या, सुरळीतून नुकत्याच उलगडलेल्या पानाचा अख्खा पडदा असतो, आणि जुन्या पानाच्या मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत शिरांच्या रेषेत सरळ चिरफाळ्या झालेल्या. दिसायला बापुडवाणं, पण त्या पट्ट्यांमधून वारं निघून जातं आणि झाडावरचा रेटा कमी होतो. झाड एवढी सोय करून ठेवतं. तरी घड निसवलेला असला की वरचं वजन वाढलेलं असतं, खोड तर पानांच्या देठांची नुसती गुंडाळी, त्यात लाकूड नाही. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. ताशी ४० च्या वाऱ्याला चौरस मीटरला साडेसात किलो, ८० च्या वाऱ्याला तीस. शेतकरी बांधाला शेवरी लावतात ती या चौपटीला जरा अटकाव व्हावा म्हणून.

फळपीक विम्यात वेगाच्या वाऱ्याचा निकष असतो, आणि वेग मोजायचा तो महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावरच्या गरगरणाऱ्या वाट्यांनी. रावेरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची बाग झोपली आणि चार-पाच किलोमीटरवरच्या यंत्राने त्या संध्याकाळी वारं बेताचंच दाखवलं. वादळाचा पट्टा अरुंद असतो, झोत एका शिवारातून जातो आणि शेजारचं शिवार कोरडं राहतं, हे मी त्याला समजावून सांगत होतो. त्याने पडलेल्या घडाखालून टेकूचा बांबू ओढून काढला आणि म्हणाला, "हे मले माहीत हाये भाऊ, तुम्ही त्या मशीनले सांगा."